बोटभर फट

एकशे बाविसावा प्रयोग, कोल्हापुरातच.
फ्रीजचं दार उघडतं, आतून कोंबडी फडफडत बाहेर येते
आणि सातशे माणसं एका दमात हसतात.
विंगेत उभा राहून मी मोजतो, एक, दोन,
तिनाला हसू येतंच.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेत धुळू येडगे बसला होता.
खरा धुळू. शाहूवाडीकडच्या धनगरवाड्यावरचा.
पास मीच दिलेला, एसटीचं भाडंही.
पटका नवा. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

गोष्ट खरी आहे, असं मी सगळीकडे सांगत आलोय.
उपकेंद्राला लसींसाठी फ्रीज आला. डांबर संपतं तिथून
चार जणांनी तो खांद्यावरून वर नेला.
विजेचा खांब तेव्हा आला नव्हता. आजही नाही.
दोन वर्षं फ्रीज नुसता उभा.
मग धुळूनं त्यात खुडूक कोंबडी बसवली.

मी लिहिलं ते सरकारवर, देवाशपथ.
टेंडर, फाइल, फीत कापणारा सभापती,
सगळे होते पहिल्या खर्ड्यात.
तालमीत एकेक गळत गेला. सभापतीला कुणी हसेना;
तसलेच चार जण पहिल्या रांगेत फुकट बसतात.
धुळूवर मात्र हशा पिकायचा. मग त्यालाच वाढवत नेला,
तोंड उघडं, धोतर एकीकडे, 'फिरीज' म्हणताना र लांबवून लांबवून.
गोफण फिरवली मंत्रालयाच्या दिशेनं,
धोंडा लागला वाड्यावर.

मी त्याला विचारलं होतं तेव्हा, फ्रीजमध्ये कशाला?
म्हणाला, मुंगूस. खुराड्यात शिरतंय,
ह्या पेटीला न्हाई त्येचं नख लागत.
हे मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.
नाटकात तो म्हणतो, 'अंडी गार ऱ्हात्यात, सायेब.'

धुळू हसला. मी पाहिलं, अंधारात दात दिसले.
शेजारच्या बाई हसल्या की, जरा मागून;
परक्या लग्नात जेवताना माणूस
पंगतीकडे बघत बघत जेवतो, तसा.

नंतर टपरीवर चहा. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली.
मी शिवीची वाट बघत होतो.
शिवी दिली असती तर पाय धरायची तयारी होती;
त्यावरही एक लेख झाला असता.

'दार लई घट्ट लावलासा,' तो म्हणाला.
'कोंबडी गुदमरंल की.
म्या काडी घातलीती दारात, कारवीची.
बोटभर फट पायजे, वारं खेळाय.
मुंगसाचं तोंड शिरत न्हाई एवढ्यातनं.'
मग चहाची बशी खाली ठेवून,
'बारा अंड्यांची अकरा निघाली.
त्ये ऱ्हायलंच बगा तुमचं.'

पिशवी त्यानं उघडलीच नाही.
काहीतरी द्यायला आणलं असावं, असं मला उगाच वाटत राहिलं.

इचलकरंजीत मी मुंगूस घातलं.
एक, दोन, तीन, चार,
खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं.
दिग्दर्शक म्हणाला, वेग पडतो.
सांगलीला जुनं वाक्य परत आलं. मी भांडलो नाही.
पाकीट त्या रात्री नेहमीएवढंच जाड होतं.

एक मात्र करतो. पडद्याआधी
फ्रीजच्या दारात केरसुणीची हीर सरकवतो.
रंगमंचावरचा पोऱ्या विचारतो, कशाला?
मी सांगतो, दार अडकतंय.

पहिल्या रांगेलाही ती काडी दिसत नाही.
कोंबडी कापसाची आहे, सुतळीनं ओढतात.
तरीही.